तीन नंबरच्या सिलिंडरात पाणी

४ मार्च

ही वही भिंगरीनं आणली. म्हणाली, "बाबा, या वेळी इंजिनाला काय काय केलंत ते रोज लिहीत जा." म्हटलं, तीस वर्षं इंजिनं बांधतोय, एक ओळ लिहिली नाही, सगळं इथे आहे, आणि डोक्यावर टिचकी मारून दाखवली. तर म्हणाली, "तिथलं मला वाचता येत नाही." पोरीची जीभ लहानपणापासून अशीच. चालताना कुशीला हात धरून चालते, बोलताना मात्र मोडक्या फासळ्या आड येत नाहीत.

लिहायचंच तर पहिल्यापासून लिहितो. भिंगरी माझी मुलगी, एकुलती एक, सव्वीस वर्षांची. शर्यतीची बोट चालवते. तिच्या बोटीचं इंजिन मी बांधतो. तेरा फेब्रुवारीला शेवटून दुसऱ्या फेरीत, पूर्ण वेगात, इंजिन एका झटक्यात जाम झालं. तीन नंबरच्या सिलिंडरात पाणी शिरलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला तो पाण्यावर आपटला आणि तिथेच थांबला. बोटीचं नाक पाण्यात घुसलं आणि बोट उलटली. भिंगरी खाली. ती वर यायला किती वेळ लागला ते मला माहीत आहे, मी मोजत होतो. आकडा लिहीत नाही.

तीन फासळ्या आणि गळ्याखालचं हाड मोडलं. शेवटची शर्यत पाच एप्रिलला. डॉक्टरनं मार्चअखेर हरकत नाही म्हटलंय. हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, जाऊ नको म्हणून सांगून पाहिलं, मीही सांगून पाहिलं. ऐकेल तर ती भिंगरी कसली! मग माझ्या हातात एकच उरतं: पाणी कुठून शिरलं ते शोधायचं आणि ती वाट कायमची बुजवायची. नाहीतर पोर पुन्हा त्याच पाण्यात.

आज हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडलं. हेड आणि खालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामध्ये गॅस्केटची पातळ पत्री असते. तिच्या एका भोकात आग, शेजारच्या भोकात थंडगार पाणी, आणि मध्ये बोटभरसुद्धा जागा नाही. बोटीच्या इंजिनाला तळ्याचं पाणी थेट लागतं, त्यामुळे हेड इकडे तापून लाल आणि तिकडे गार. मी तांब्याची पत्री वापरतो. तांबं लाल तापवून पाण्यात बुडवलं की मऊ पडतं, मग दाबलं की जिथे तिथे चपखल बसतं. फक्त पाण्याच्या भोकांभोवती सीलंटचा लेप हातानं द्यावा लागतो. आमचे उस्ताद म्हणायचे, किती द्यायचा ते बोटाला विचार.

काढलेली पत्री बघितली. तीन नंबरपाशी एका बाजूला लेपाचा गोळा, दुसऱ्या बाजूला कोरं तांबं. ट्यूब शिळी असणार, दुसरं काय! दुकानदाराला जाऊन झापतो. भिंगरी ती पत्री उजेडात धरून बराच वेळ बघत होती. मग माझ्या हाताकडे बघितलं. म्हटलं, काय? म्हणाली, "काही नाही."

७ मार्च

दुकानदार म्हणतो ट्यूब गेल्या महिन्यातली, त्याच खोक्यातल्या अकरा विकल्या, कुणाची तक्रार नाही. खोटारडा लेकाचा.

आज गॅस्केटवरून बापलेकीची जुंपली. तिचं म्हणणं, तांबं बस झालं, तीन पदरी पोलादी गॅस्केट घ्या. स्प्रिंगसारखं असतं, हेड जरा उचललं गेलं तरी मागोमाग फुगतं आणि फट भरून काढतं. वरून कारखान्यातूनच रबराचा लेप, हातानं काही लावायला नको. मी म्हटलं, पोलाद नखरेल आहे. तांबं ब्लॉकवरचा ओरखडा पोटात घेतं. पोलादाला खाली आरसा लागतो आरसा. केसाएवढी चीर असली तरी पाणी तिथून वाट काढतं. ती म्हणाली, "मग आरसा करू."

शेवटी मी हो म्हटलं. तिच्या फासळ्या मोडल्यात, माझ्या नाहीत. वाद घालायचा हक्क तिचा जास्त.

हल्लीची पेनं कसली गुळगुळीत करतात. एका पानात दोनदा निसटलं.

१० मार्च

मिलिमीटरकडे गेलो होतो. खरं नाव मीच विसरत चाललोय. आम्ही दोघं एकाच उस्तादाचे चेले. मी इंजिनात शिरलो, तो मशीनवर बसला. तेव्हापासून त्याला सगळं मोजून लागतं, म्हणून हे नाव. त्याच्याकडे सरफेस ग्राइंडिंगचं, म्हणजे धातू घासून सपाट करणारं, मोठं मशीन आहे आणि एक डबी, तिची सुई पत्र्यावरून फिरवली की खरखरीतपणाचा आकडा येतो. म्हणाला, "ब्लॉक आण, एक हात मारून देतो, आरसा होईल." म्हटलं, ब्लॉक तुझ्या मशीनवर चढला की दर वेळी थोडा खाली जातो. पुढच्या वर्षी उरेल काय, ताटली? मी काच, बारीक दगड आणि तेल घेऊन हातानं घासतो. घासून झालं की डोळे मिटून नख फिरवायचं. नखाला लागलं तर ओरखडा आहे, नाही लागलं तर नाही. याहून मोठी डबी अजून कुणी काढलेली नाही.

मिलिमीटर म्हणाला, "तुझं नख होतं खरं." होतं म्हणे! दहा वर्षांपूर्वी त्याच्या डबीनं चूक म्हटलेला ब्लॉक माझ्या नखानं बरोबर ठरवला होता, ते अजून झोंबतंय त्याला.

१४ मार्च

तीन दिवस घासलं. नख फिरवलं, चारी बाजूंनी, कुठेही लागत नाही. काल पोलादी गॅस्केट टाकून हेड बांधलं. आज परीक्षा घेतली. एकेका सिलिंडरात हवा भरायची आणि वर पाण्याच्या तोंडाशी बघत बसायचं. बुडबुडा आला की समजायचं, हवा पाण्यात जातेय, म्हणजे पाणीही सिलिंडरात येणार.

एक नंबर ठीक. दोन ठीक. तीनला हवा भरली. भिंगरी आणि मी दोघं तोंडाशी वाकून. म्हटलं, बघ, काही नाही. आणि एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग रांगच लागली.

भिंगरीनं उठून हवा बंद केली. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

१५ मार्च

गॅस्केट काढलं. कंपनीनं लेप नीट दिलेला नाही, असं मला वाटतं. दुसरं मागवलंय. यावर आपणच सीलंटचा फवारा मारायचा. सोबतच्या कागदावर "मारू नये" असं ठळक छापलंय. कागद लिहिणारा कधी बोटीत बसलाय का?

फवारा सुकवायला गरम हवेची बंदूक धरली होती. कारखाना घराच्या मागच्या अंगणातच. ही स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, काय जळतंय?" म्हटलं, काही नाही, लेप सुकतोय. ती म्हणाली, "लेप कसला, तुमचं बोट जळतंय!" बघतो तर खरंच. डाव्या हाताचं पहिलं बोट, टोक पांढरं. तिनं नळाखाली धरलं. "दुखत नाही का हो?" दुखतंय ना, म्हटलं. खरं तर फारसं नाही. तीस वर्षं काम केल्यावर कातडी चामड्यासारखी होते, तिला काय कळणार. लगेच तिचं सुरू, साखर तपासा, साखर तपासा. सगळ्या रोगांना हिची एकच साखर.

१९ मार्च

दुसरं गॅस्केट. तीन नंबरला बुडबुडा नाही! मी टाळी वाजवली आणि चार नंबरला आला. हा काय खेळ लावलाय? एक भोक बुजवावं तर शेजारचं उघडतंय.

भिंगरी म्हणाली, "बाबा, ब्लॉक मिलिमीटरकाकांकडे न्यायचा का?" मी नको ते बोललो. म्हटलं, तुला तुझ्या बापाच्या हातावर भरवसा नसेल तर बोटीत बसू नकोस. तोंडातून गेलं आणि मीच चपापलो. ती म्हणाली, "मी बसणार आहे." एवढंच. आणि दगड, काच, तेलाची बाटली उचलून जागेवर ठेवत राहिली.

नाही न्यायचा ब्लॉक. आता मुद्दा ब्लॉकचा राहिलेला नाही.

२१ मार्च

आज झकास झालं! मिलिमीटर स्वतः आला. म्हणाला, जुनी पैज लावू. उस्तादांकडे असताना आम्ही लावायचो. डोळ्यांवर फडकं बांधायचं, समोर दोन पोलादी पट्ट्या, एक गुळगुळीत, एकीवर सुईनं ओढलेली रेघ. नखानं ओळखायचं. मी एकदाही हरलो नव्हतो, हा दर वेळी.

भिंगरीनं फडकं बांधलं. मी पहिली पट्टी चाचपली, दुसरी चाचपली. पुन्हा पहिली. मग माझ्या लक्षात आलं आणि मी हसायलाच लागलो. म्हटलं, लबाडा, मला चकवायला दोन्ही गुळगुळीत आणल्यास! मग मिलिमीटर म्हणाला, "ओळखलंस. दोन्ही गुळगुळीत."

फडकं सोडेपर्यंत त्यानं पट्ट्या चौकड्यांच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकल्यासुद्धा. हरला की तोंड पाडायची सवय जुनीच. चहा ठेवलेला तसाच टाकून निघून गेला. भिंगरी नळापाशी हात धूत उभी होती, किती वेळ धूत होती कोण जाणे. म्हटलं, बघितलंस ना बापाचं नख? म्हणाली, "बघितलं."

म्हणजे ब्लॉक ठीक आहे. दोष गॅस्केटचाच. तिसरं मागवलंय, दुसऱ्या कंपनीचं.

२७ मार्च

मध्ये चार दिवस हिनं मला तिच्या बहिणीकडे ओढत नेलं. शर्यत तोंडावर आणि ही म्हणते बहिणीला बरं नाही. बहीण ठणठणीत! मला दारात बघून तिलाच आश्चर्य वाटलं. बायकांचं काही कळत नाही.

परत आलो तर कारखाना झाडूनपुसून लख्ख. ब्लॉकसुद्धा कसा चकाकत होता. भिंगरी म्हणाली, रॉकेलनं पुसला. दगडाच्या बारीक रेघा असतात त्याही दिसेनात. म्हटलं, बघ, मी घासलेलं स्वच्छ पुसलं की कसं उठून दिसतं.

आज तिसरं गॅस्केट, फवारा न मारता. भिंगरीनं हट्टच धरला, म्हटलं घे. दहा स्टड, म्हणजे ब्लॉकात उभ्या आट्यांच्या सळ्या, त्यांवर दहा नट, मधून बाहेर, तीन टप्प्यांत आवळले. नट मीच आवळतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. आमचा टॉर्क पाना ठरवलेल्या जोरापर्यंत आला की मुठीत टक्‌ करतो, तिथे थांबायचं. पाना आता म्हातारा झालाय, टक्‌ नीट देत नाही. त्यात कॉम्प्रेसर चालू, आवाजही धड येत नव्हता. पण मनगटाला अंदाज असतो. भिंगरी शेजारी उभी राहून बघत होती. मध्येच म्हणाली, "बाबा, सात नंबर एकदा परत बघता का?" म्हटलं, मोजायचं काम मिलिमीटरला दे, मला नको.

परीक्षा घेतली. एक, दोन, तीन, चार. पाऊण तास वाकून बसलो. एक बुडबुडा नाही! मी भिंगरीला मिठी मारायला गेलो आणि फासळ्या आठवून थांबलो. तीच गळ्यात पडली. रडत होती वेडी.

३१ मार्च

तळ्यावर चाचणी. वीस मिनिटं. तेल काढून बघितलं, पाण्याचा थेंब नाही. मी धक्क्यावर लोकांना सांगत सुटलो, तीन वेळा बांधलं पण शेवटी हातानंच बांधलं.

फक्त एक, तिनं पाऊण वेगाच्या पुढे नेलंच नाही. म्हटलं, पूर्ण का नाही दिलास? म्हणाली, "फासळ्या." पण काल तीच डॉक्टरला म्हणत होती, काही दुखत नाही.

४ एप्रिल, दुपार

लिहून काढतो. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

सकाळी मिलिमीटरकडे गेलो, उद्या शर्यतीला ये म्हणून सांगायला. तो मागे कुणाशी बोलत होता. टेबलावर चौकड्यांच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. फडकं ओळखीचं वाटलं म्हणून उघडलं. त्या दोन पट्ट्या. एक गुळगुळीत. दुसरीवर आडवी रेघ, एवढी खोल, की उंबऱ्यातून दिसावी.

मी डोळे मिटले आणि नख फिरवलं. काही नाही. डोळे उघडले, रेघ समोर. मिटले, नाही. उजव्या हाताची पाचही बोटं, मग डाव्याची. चामडं म्हणालो होतो मी त्याला! जिभेनं चाटली पट्टी, वेड्यासारखी. जिभेला लागली रेघ.

वर बघितलं तर मिलिमीटर दारात उभा. म्हटलं, खोटं का बोललास? म्हणाला, "मग काय करू रे? पोरीसमोर सांगू तुला?" म्हटलं, हो! पोरीसमोरच सांगायचं! तो खाली बसला. मग सगळं बाहेर आलं. आम्ही मेव्हणीकडे असताना भिंगरीनं ब्लॉक त्याच्या मशीनवर आणला. मी आरसा म्हणत होतो त्यावर चाळीसेक ओरखडे होते, दोन तर माझ्या दगडानंच पाडलेले. बहिणीच्या आजारपणाची थाप हिनं मारली होती. म्हणजे घरात सगळ्यांना माहीत, फक्त ज्याचे हात त्यालाच नाही.

रस्त्यानं येताना एकेक सुटं जुळत गेलं. तांब्याच्या पत्रीवरचा तो लेप, एकीकडे गोळा आणि दुसरीकडे कोरा. ट्यूब चांगली होती. माझ्या बोटाला कळलं नाही. माझ्या बोटामुळे पोर त्या दिवशी पाण्याखाली होती.

आणि मग पाना आठवला. ब्लॉक मिलिमीटरनं सारखा केला, पण नट मी आवळलेत. टक्‌ हाताला कळायची असते. पाना म्हातारा झालेला नाही. कुठला नट किती आवळलाय हे देवालाच ठाऊक. पाऊण वेगाला हेड धरून राहिलं. उद्या पूर्ण वेगाला उचललं गेलं तर पुन्हा तेच. उद्या नऊला शर्यत.

भिंगरी तळ्यावर बोटीपाशी आहे. निघतो.

६ एप्रिल

परवा रात्री लिहायला जमलं नाही, काल ताकद नव्हती.

धक्क्यावर पोचलो तेव्हा ती बोटीत बसून सुकाणूवर नवीन पट्टी गुंडाळत होती. म्हटलं, उतर. "काय झालं?" उतर आधी. उतरली. आजूबाजूला पाच-सहा माणसं, इतर बोटींचे मेकॅनिक. मनात आलं, बाजूला घेऊन सांगावं. मग वाटलं, या चोरट्या सांभाळासांभाळीनंच तर ही वेळ आलीय. तिथेच म्हटलं, "माझ्या बोटांना कळत नाही. रेघ कळत नाही, टक्‌ कळत नाही. तेरा फेब्रुवारीला तुला पाण्यात मी घातलं."

ती म्हणाली, "माहीत आहे, बाबा."

"आणि तरी बसणार होतीस?"

"पाऊणच वेग ठेवणार होते."

"शर्यतीत? मागची बोट शेजारी आली की तुझा हात पाऊणवर राहतो? मला सांगतेस?"

खाली बघत ती म्हणाली, ब्लॉकचं मी करून घेतलं, पण नटांना हात लावायला धीर झाला नाही. दोनदा पाना घेतला आणि ठेवला. "तुम्ही किती खूश होतात त्या दिवशी. परत उघडलं असतं तर तुम्हाला कळलं असतं आणि तुम्ही पुन्हा हत्याराला शिवला नसतात."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत ओरडलो. "माझा मान राखायला मरायला निघालीस? असला मान चुलीत घाल! मला पोरगी हवीय!" आणि मग मला रडूच आलं, त्या सगळ्या मेकॅनिकांसमोर. एकजण हळूच खुर्ची आणून ठेवून गेला.

पाना तिच्या हातात दिला. तिनं तो ठरलेल्या जोरावर बसवून एकेका नटाला लावला. एक नंबर, टक्‌. तीन, टक्‌. दोन नंबर इतका आवळलेला, की सुटताना स्टड किंचाळला. सात नंबर फिरला. फिरला, आणखी फिरला, जवळजवळ अर्धा वेढा गेला तेव्हा कुठे टक्‌ आली. तो सात नंबर म्हणजे तीन आणि चार सिलिंडरच्या मधला.

असं एकीकडे चेपलेलं गॅस्केट पुन्हा वापरत नाहीत, आणि ताणलेला स्टडही नाही. दोन वाजले होते. मिलिमीटर माझ्या मागोमाग आलाच होता, त्याला नवीन गॅस्केट आणि स्टड आणायला पिटाळलं. हेड तिथेच धक्क्यावरच्या शेडमध्ये उघडलं. भिंगरीनं पुसलं, मिलिमीटरनं डबी फिरवून आकडा मोठ्यानं वाचला, आणि मी पहिल्यांदाच त्या डबीला नावं ठेवली नाहीत. नट तिनं आवळले. मी क्रम सांगत होतो आणि कान देऊन टक्‌ मोजत होतो. तीन टप्पे, तीस टक्‌. कॉम्प्रेसर बंद ठेवायला लावला होता. शेजारच्या बोटवाल्यांनीही आपली यंत्रं बंद केली, न सांगता. हवेची परीक्षा झाली तेव्हा साडेसहा वाजले होते. बुडबुडा नाही.

काल शर्यत. मी धक्क्यावर उभाच राहू शकलो नाही. गाडीत काचा वर करून बसलो, तरी तिच्या इंजिनाचा आवाज वेगळा ओळखू येत होता. पहिल्याच सरळ पट्ट्यात तिनं पूर्ण वेग दिला. आता तुटेल, आता तुटेल, असं म्हणत मी बावीस मिनिटं काढली. चौथी आली. लोक म्हणाले, थोडक्यात तिसरा नंबर गेला. कसला नंबर घेऊन बसलात, मी आधी तेल काढून बघितलं. स्वच्छ.

९ एप्रिल

डॉक्टरकडे गेलो, स्वतःहून. साखर आहेच, बरीच वर्षं असणार. बोटांच्या नसा मेल्यात. गोळ्यांनी पुढचं थांबेल, गेलेलं येणार नाही. ही शेजारी बसून ऐकत होती. मला वाटलं, आता "मी सांगत नव्हते का" सुरू होणार. तिनं माझ्या शर्टाचं बटण लावलं, अर्धवट राहिलं होतं ते, आणि म्हणाली, "चला."

राग येतो. कुणाचा ते कळत नाही. कालपासून घरातल्या प्रत्येक वस्तूवरून बोटं फिरवून बघतोय. कापड आणि लाकूड यातला फरक कळतो. त्यापुढे नाही.

१८ एप्रिल

आज एक बोटमालक इंजिन घेऊन आला. पांढरी टोपी, मोठी गाडी. शर्यतीत आमचं इंजिन ऐकलं म्हणे. "पण हेड तुम्ही स्वतः बांधायचं. तुमच्या हाताचं नाव ऐकून आलोय." भिंगरी पलीकडे पाठ करून पिस्टन पुसत होती. एकच पिस्टन, केव्हाची.

एक क्षण मोह झाला, खोटं कशाला लिहू. हो म्हणायचं, आणि बांधायचं तिनं. कुणाला कळणार होतं? मग म्हटलं, "माझा हात गेलाय. बोटांना स्पर्श कळत नाही. मुलीला अपघात झाला तो त्यामुळेच. हेड ती बांधते, मी शेजारी असतो. चालत असेल तर ठेवा."

माणूस चांगला होता, पण गडबडला. विचार करून सांगतो म्हणाला आणि इंजिन परत गाडीत चढवून गेला.

भिंगरी म्हणाली, "बाबा, सगळ्यांना असंच सांगणार?"

म्हटलं, सगळ्यांना. तू गप्प बसायला माझ्याकडून शिकलीस, आता बोलायलाही माझ्याकडूनच शीक.

तिनं पिस्टन जागेवर ठेवला. मग फडकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सात नंबरची टक्‌ झालीच नव्हती. मी शेजारी होते, पान्याला झटका बसलेला दिसला नाही, मला नक्की माहीत होतं. त्या दिवशी मी तुम्हाला अंदाजानं नव्हतं विचारलं."

म्हणजे वेग पाऊण ठेवला तरी काय होऊ शकतं हे पुरतं माहीत असून ती चाचणीला पाण्यात उतरली होती. ओरडणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण मीच आत्ता बोलायला शिक म्हणालो होतो, आणि ती पहिल्यांदाच बोलत होती.

स्टूल ओढलं आणि तिच्या समोर बसलो. म्हटलं, मला सांभाळायला आणखी काय लपवलंस ते सगळं सांग. तिनं सांगितलं. बराच वेळ लागला.